याव बारिमाची पवित्र हवा

आमच्या कुमासी शहरात देवाला राहायला जागेची चणचण नाही. सोकोबानच्या लाकूडबाजारातून माझ्या घरी चालत निघालं तर वाटेत पाण्याचे नळ कमी आणि प्रार्थनामंदिरं जास्त लागतात. कुणाचं पत्र्याच्या शेडमध्ये, कुणाचं अर्धवट बांधलेल्या इमारतीत, एक तर टायरच्या दुकानाच्या माडीवर. प्रत्येक मंदिराचा प्रॉफेट वेगळा आणि प्रत्येक प्रॉफेटला दोन गोष्टी लागतातच: उभं राहून प्रवचन द्यायला एक उंच लाकडी पुलपीट आणि प्रवचन संपल्यावर टेकायला उंच पाठीची खुर्ची. या दोन गोष्टींवर याव बारिमाचं सगळं आयुष्य चाललं.

बारिमाच्या खुर्च्यांचं एक शास्त्र आहे. मुख्य प्रॉफेटच्या खुर्चीची पाठ धाकट्या पाद्र्याच्या खुर्चीपेक्षा एक वीत उंच. धाकट्याला वाटलं पाहिजे की आपण जवळजवळ पोचलोच, पण त्याने पोचता कामा नये. या एका वितीपायी चांगली नांदती मंदिरं फुटलेली मी पाहिली आहेत, आणि फुटून निघालेल्याने नव्या खुर्चीचं काम पुन्हा बारिमालाच दिलेलंही पाहिलं आहे. तो स्वतः मात्र मेथडिस्ट. त्यांच्या चर्चमधलं पुलपीट गोऱ्यांच्या काळातलं, अस्सल ओडुम लाकडाचं, अजून दोन पिढ्या हलायचं नाही. अशा ठिकाणी माणसाने मनःशांतीसाठी जावं, धंद्यासाठी जाऊ नये, असं त्याचं मत आहे.

माझं दुकान त्याच्या शेडला चिकटून. मी थिनर, वार्निश, सरस आणि पॉलिशपेपर विकते. नाव पिनामान, पण बाजारात सगळे मावशी म्हणतात, एक बारिमा सोडून. त्याला मी इतकी वर्षं ओळखते की त्याच्याबद्दल चांगलं बोलायचं झालं तर मला आधी जरा आठवावं लागतं. वाईट बोलायला काही आठवावं लागत नाही. या माणसाला सगळं माहीत असतं. तुम्ही काहीही सांगा, तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत तो म्हणतो, "माहीत आहे मला." एकदा वेल्डिंगची ठिणगी उडून त्याच्या शेडच्या छपराखालचा भुसा पेटला. मी ओरडले, बारिमा, वर आग लागलीय. तो म्हणाला, "माहीत आहे मला." आणि मग वर बघितलं.

अशा माणसाला कॉम्प्रेसर विकत घ्यायचा होता. तोही एकच, आणि दोन कामांसाठी.

त्याचं झालं असं. त्याच्या थोरल्या भाच्याने हॅम्बुर्गहून त्याला खिळे मारायची हवेची बंदूक पाठवली. हॅम्बुर्गला गेलेली आमची मुलं अशीच. बंदूक पाठवतात, पण ती ज्या हवेवर चालते ती हवा पाठवायची विसरतात. बारिमाने बंदूक शेडमध्ये खिळ्याला टांगली, आणि तिच्याखाली बसून आयुष्यभर मारले तसे हातोडीने खिळे मारत राहिला. त्याचा उजवा खांदा तोवर कामातून गेला होता. हात डोक्यापर्यंत नेताना तो तोंड वाकडं करायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा की गिऱ्हाईकांना हाताचंच काम आवडतं.

दुसरं काम होतं तिवाचं. तिवा त्याच्या बहिणीची मुलगी. आमच्यात मामाकडे जे असेल ते बहिणीच्या लेकरांकडे जातं. बारिमाला स्वतःची मुलं आहेत, पण ती त्यांच्या आईच्या कुळातली, त्यांना त्यांचे मामा आहेत. थोरला भाचा हॅम्बुर्गचा थंडगार पगार सोडून इथे रंधा मारायला येणार नव्हता. उरली तिवा. ती सुआमेच्या गॅरेजांत त्रोत्रो, म्हणजे प्रवाशांच्या छोट्या बसगाड्या, रंगवायला शिकली होती. गाडीच्या मागच्या दारावर फुटबॉलवाले, पाद्री, सिंह, जो म्हणाल तो. हातात पेनाएवढा एअरब्रश धरते आणि त्यातून धुक्यासारखा रंग सोडून असे चेहरे काढते की गाडीच्या मागे चालणारा माणूस दचकून सलाम करतो. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तो एअरब्रश मऊ कापडात गुंडाळून ठेवते. माझ्या दुकानाची पाटी तिनेच रंगवली. त्या पाटीवरचा थिनरचा डबा आतल्या खऱ्या डब्यांपेक्षा चांगला दिसतो, असं गिऱ्हाईक मला तोंडावर सांगतात.

मामाच्या पुलपीटांवर चित्रं काढायला ती आली, आणि तिला हवा मिळाली ती एका मेलेल्या फ्रिजमधून काढलेल्या कॉम्प्रेसरची. तो बिचारा आवाज करायचा नाही, पण अर्ध्या तासात तापायचा आणि रंगाबरोबर तेलाचा थेंब थुंकायचा. देवदूताच्या गालावर थेंब पडला की तिवा तो गाल पुसायची, घासायची, पुन्हा रंगवायची. राजधानीत, अक्रात, मोठमोठे जाहिरातीचे फलक रंगवणारी एक कंपनी तिला बोलावत होती. तिथे वातानुकूलित खोली, गाळलेली कोरडी हवा, सगळं होतं. एक दिवस तिने रंगाचे हात पुसले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मामा, मला स्वच्छ हवा द्या, मी इथे राहते. नाही जमणार तर तसं सांगा, मी अक्राला जाते. पण हे थुंकीचं काम आता नाही करायचं मला."

बारिमा म्हणाला, "माहीत आहे मला."

त्याच आठवड्यात प्रॉफेट हेझकाया ओबुओबी आले. पहाटदंव विजयमंदिर त्यांचं. शाखा अनेक, आणि वर्धापनदिन तोंडावर आलेला. त्यांना नवं पुलपीट हवं होतं, आणि पुलपीटाच्या दर्शनी बाजूवर त्यांचा स्वतःचा चेहरा, डोक्यावर पांढरं कबूतर. समोर प्रॉफेट उभे असताना खाली त्यांचं चित्र कशाला, असं मी विचारणार होते, पण मला थिनर विकायचं होतं. पहिलं पुलपीट चांगलं झालं की सगळ्या शाखांना तसंच, असं ते म्हणाले. बारिमाने तिवाकडे पाहिलं. एवढं काम आलं तर ही पोरगी कशाला जाते अक्राला, हे त्याच्या डोळ्यांत मला स्वच्छ वाचता आलं. तोंडाने मात्र त्याने प्रॉफेटच्या खुर्चीच्या पाठीची उंची विचारली.

मग सुरू झाली खरेदी. एखाद्या मुलीचं लग्न ठरवताना झाली नसती एवढी चर्चा त्या कॉम्प्रेसरची झाली. आमच्या बाजारात सल्ला फुकट असतो आणि बारिमाने तो कधी नाकारलेला नाही. एकाने सांगितलं, टाकी मोठी घे. दुसऱ्याने सांगितलं, मोटर मोठी घे. मक्याचे उकडलेले गोळे, केंके, विकणारी बाई म्हणाली लाल रंगाचा घे, तिच्या दिराचा निळा होता आणि तो बंद पडला. बारिमा प्रत्येकाला माहीत असल्याचं सांगून पाठवत होता.

खरी अडचण साधी होती. खिळ्याच्या बंदुकीला हवा लागते ती एकदम आणि जोरात, पण मधूनमधून. तिला टाकी भरलेली असली की पुरे. पॉलिशपेपर फिरवणारं हवेचं मशीन घ्यायचं तर ते अखंड हवा पितं, त्याला कितीही द्या. आणि एअरब्रशला हवी चमचाभर हवा, पण तो चमचा सतत आणि एकसारखा हवा, आणि त्यात ना पाणी ना तेल. दोघांना एकाच घरात नांदवायचं तर कुणाचं तरी थोडं अडणार होतं. कुणाचं अडवायचं, एवढंच ठरवायचं होतं.

आम्ही सुआमेला आफ्रियेच्या दुकानात गेलो. आम्ही म्हणजे मामा, भाची आणि मी. मला कुणी बोलावलं नव्हतं. दारातच युरोपातून वापरून आलेला एक राक्षस उभा होता. काळी मोटर, माणूस मावेल एवढी टाकी. आफ्रियेने तो चालू केला तेव्हा शेजारच्या कोंबड्या पळाल्या. बारिमाच्या चेहऱ्यावर मी त्याच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा पाहिलं नव्हतं असं प्रेम पसरलं. हा आवाज थेट हमरस्त्यापर्यंत जाईल, म्हणाला, लोकांना कळेल इथे मशीन आहे. यावर बंदूक चालेल, घासायचं मशीन चालेल, पाहिजे तर ट्रकची चाकं भर. आणि तिवाच्या पेनाला काय, त्याला फुंकर मारली तरी पुरते.

तिवा भांडली नाही. तिने पिशवीतून एक पांढरा कागद काढला, राक्षसाच्या नळीसमोर धरला आणि आफ्रियेला हवा सोडायला सांगितलं. कागदावर पिवळे ठिपके उमटले. तिने तो कागद मामाच्या हातात दिला. मग कोपऱ्यातल्या एका मध्यम मशीनकडे गेली. त्याच्या आत तेल नसतंच, असं आफ्रिये म्हणाला. टाकी बेताची, दाब कमी-जास्त करायची चावी, पुढे पाणी अडवणारी काचेची बाटली. दुसरा कागद तिने त्याच्यासमोर धरला. तो पांढराच राहिला. बंदूक यावर चालेल, आफ्रिये म्हणाला, फक्त बरेच खिळे मारले की जरा थांबायचं, टाकी भरू द्यायची. घासायचं मशीन मात्र विसरा, ते हातानेच.

बारिमा दोन्ही कागद धरून उभा राहिला. घासणं हाताने म्हणजे त्याचा खांदा, हे तिघांनाही कळत होतं. त्याने राक्षसाकडे एकदा पाहिलं, भाचीकडे पाहिलं, आणि म्हणाला की मला पहिल्यापासून हेच घ्यायचं होतं. मी मान डोलावली. आयुष्यात त्याने इतकं शहाणपणाचं काम क्वचित केलं होतं, आणि ते नासवायची माझी इच्छा नव्हती.

आता आमच्याकडे कुठलंही नवं यंत्र नुसतं बटण दाबून चालू होत नाही. टॅक्सी असो, फ्रीज असो, पिठाची चक्की असो, आधी प्रार्थना. मेथडिस्टांचे पाद्री गावाला गेले होते. प्रॉफेट ओबुओबींना कळलं की त्यांचं पुलपीट ज्या यंत्रावर होणार ते आलं आहे, तर ते स्वतःच आले, छत्री धरणारा माणूस आणि अभिषेकाच्या तेलाची बाटली घेऊन. तिवा त्या शनिवारी आईबरोबर गावी अंत्यविधीला गेली होती. आमच्याकडे शनिवारी कुणी ना कुणी अंत्यविधीला गेलेलं असतंच.

प्रार्थना लांबली. यंत्राला दीर्घायुष्य मागितलं गेलं, बारिमाच्या वैऱ्यांना अल्पायुष्य. मग प्रॉफेटनी बाटली उघडली आणि विचारलं, "हे श्वास कुठून घेतं?"

सगळं माहीत असलेल्या माणसाला यापेक्षा सुंदर प्रश्न कुणी विचारला नसेल. बारिमाने पुढे होऊन मोटरच्या बाजूची जाळीदार गाळणी दाखवली. इथून, पाद्रीबाबा, इथूनच हवा आत जाते. प्रॉफेट म्हणाले, याचा श्वासच पवित्र होऊ दे, आणि धार धरली. मी दुकानातून धावत आले तोवर गाळणी ओली झाली होती. मी म्हटलं, बारिमा, बिनतेलाचं म्हणून तू हे मशीन आणलंस ना रे? तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "पिनामान, देवापेक्षा तुला जास्त कळतं का?" आणि प्रॉफेटना म्हणाला, "पाद्रीबाबा, या बाजूला जरा राहिलंय."

प्रॉफेटनी त्या बाजूलाही ओतलं.

पुढचे दिवस बारिमाच्या आयुष्यातले सोन्याचे दिवस होते. बंदूक भिंतीवरून खाली आली आणि अशी चालली की काय सांगू. टप, टप, टप. खिळा लाकडात जातोय की लोण्यात, कळत नव्हतं. खिळ्याच्या बंदुकीला थोडं तेल मानवतंच, पण हे कारण बारिमाला पसंत नव्हतं. त्याने अभिषेकाची कीर्ती सगळ्या बाजारात पसरवली. तेल नेमकं कुठे ओतलं ते मात्र कुणी विचारलं नाही. लोक बघायला यायचे. तो बंदूक चालवून दाखवायचा आणि डाव्या हाताने उजवा खांदा थोपटायचा. पुलपीट उभं राहिलं. महोगनीचं, कडा वळवलेल्या, पायऱ्या अशा की चढताना माणसाला आपण कुणीतरी आहोत असं वाटावं. दर्शनी फळीवर पांढरा थर मी दिलेल्या मालातून तिवानेच हाताच्या ब्रशने चढवला. मग तिने बिस्किटांचा डबा उघडला.

प्रॉफेटचा चेहरा हुबेहूब उतरला. कपाळ उतरलं, भुवया उतरल्या, स्वतःवर खूश असलेले डोळे उतरले. आणि तिच्या डोळ्यांदेखत रंग मागे सरकायला लागला. गालावर एक बारीक गोल खड्डा पडला, मग हनुवटीवर, मग कबुतराच्या पोटावर. थोड्या वेळात प्रॉफेट हेझकाया ओबुओबी देवी येऊन गेलेल्या माणसासारखे दिसू लागले. तिवाने सगळं घासून पुन्हा रंगवलं. पुन्हा देवी आल्या.

ती तडक माझ्याकडे आली. मावशी, तुमच्या थिनरमध्ये भेसळ आहे, म्हणाली. मला जे वाटलं ते मी इथे लिहीत नाही. एवढ्या वर्षांत माझ्या थिनरला कुणी नावं ठेवली नव्हती, निदान तोंडावर तरी. मी सीलबंद डबा तिच्यासमोर फोडला. पुन्हा देवी. पाणी अडवणारी बाटली तिने उघडून पुसली, टाकीच्या खालचं बूच काढून पाणी सोडलं. पुन्हा देवी. शेवटी तिने पांढरा कागद घेतला आणि नळीसमोर धरला. पिवळा ठिपका. ओली गाळणी मला तेव्हा आठवली, आणि बारिमा बोलेल म्हणून मी थांबले.

आफ्रियेने फसवलं, असं म्हणत ती मशीन त्रोत्रोत घालून सुआमेला निघाली. मामा बरोबर होता, आणि माझ्या मालाची अब्रू गेलेली म्हणून मीही. आफ्रियेने गाळणी उघडली. आतला बोळा पिळला तर बोटं माखली. त्याने बोटं नाकाशी नेली आणि विचारलं, "हे खायचं तेल आहे. हे मशीन तुम्ही कुठल्या स्वयंपाकघरात ठेवलं होतं?"

तिवा मामाकडे वळली. तिचा आवाज चढला नाही, उतरला, आणि ते जास्त वाईट होतं. "बंदुकीसाठी ओतलंत ना मामा? बंदूक लोण्यासारखी चालते म्हणून सगळ्या गल्लीला दाखवत होतात. बंदुकीचं तेल विकत घ्यायला नको म्हणून घरातलं ओतलंत. माझ्या हवेत."

मला वाटलं, आता बोलेल. बारिमाने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मिटलं. प्रॉफेटनी ओतलं म्हणावं तर वाट दाखवणारं बोट स्वतःचं. ते सांगायचं तर मला कळलं नाही असं म्हणावं लागणार, आणि ते वाक्य त्याच्या तोंडाला ठाऊकच नव्हतं. माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण मी गिळलं. हे ज्याचं त्याने बोलायला हवं होतं, आणि हा माणूस हे किती वेळ दाताखाली धरतो तेही मला बघायचं होतं. आफ्रियेने गाळणी नवी घातली, टाकी धुतली आणि नळी फेकून द्या म्हणाला, ती आता काही सुधारायची नाही. परतताना त्रोत्रोत तिवा मामाच्या शेजारी बसली नाही. सकाळी तिने अक्राला फोन लावला. मग आपले रंग बांधले आणि एअरब्रश डब्यात घातला. रागावून निघाली असती तर मी अडवलं असतं. ती रागावलेली नव्हती. तिचं मन उठलं होतं, आणि मला फार वाईट वाटलं.

नेमके तेव्हाच प्रॉफेट ओबुओबी चित्र बघायला आले. छत्री आली, मागून ते आले, आणि पुलपीटासमोर उभे राहून त्यांनी स्वतःला बराच वेळ न्याहाळलं. गल्ली गोळा झाली. चेहरा ओळखीचा होता, पण एवढे खड्डे त्यांना आरशात कधी दिसले नव्हते. मग त्यांनी निकाल दिला. यंत्रावर मी स्वतः हात ठेवला आहे, म्हणाले, तिथे दोष असूच शकत नाही. बंदूक कशी चालते ते अख्खा बाजार सांगतो. म्हणजे दोष या मुलीच्या हातात आहे. हिला मंदिरात पाठव, उपास घालून आपण सैतानाच्या तावडीतून तिचा हात सोडवू. चित्र दुसऱ्या कुणाकडून काढून घे. पुलपीट झकास झालंय, सगळ्या शाखांचं काम तुझंच.

तिवा डबा छातीशी धरून उभी होती. ती प्रॉफेटकडे बघतच नव्हती, मामाकडे बघत होती.

बारिमाने आधी खांदा चोळला. मग पुलपीटावर हात ठेवला, जसा तो विकलेल्या मालावर शेवटचा ठेवतो.

"पाद्रीबाबा," तो म्हणाला, "तिच्या हातात काही नाही. तेल तुम्ही ओतलंत, आणि कुठे ओतायचं ते मी दाखवलं. चित्र त्याने बिघडलं. मला माहीत नव्हतं."

करवतवाल्याने करवत बंद केली. ते वाक्य याव बारिमाच्या तोंडून निघालेलं ऐकायला आम्ही सगळे म्हातारे होत आलो होतो.

"म्हणजे अभिषेकाच्या तेलाने माझा चेहरा बिघडला, असं म्हणतोस?" प्रॉफेटनी विचारलं.

"तेल चांगलंच होतं," बारिमा म्हणाला. "पण ते डोक्यावर ओततात, पाद्रीबाबा. नाकात नाही."

छत्री धरणारा माणूस हसला. त्या हसण्याने उरलंसुरलं काम गेलं. प्रॉफेट गाडीत बसले आणि गाडी आमच्यावर धूळ उडवून निघून गेली. शाखा गेल्या, पुलपीट अंगावर पडलं. बारिमा तिथेच त्याच्या पायरीवर बसला. तिवाने डबा मामाच्या मांडीवर ठेवला आणि आत जाऊन कॉम्प्रेसरची जुनी नळी काढायला घेतली. अक्राला तिने काय कळवलं ते मला माहीत नाही. पण ती गेली नाही.

प्रॉफेटचं काम समोरच्या सुताराकडे, न्सियाकडे, गेलं. न्सियाने घाईघाईत सुआमेचा तो काळा राक्षस आणला होता, तोच. त्याच्या हवेत तेल घालायला कुणाच्या प्रार्थनेची गरज नव्हती. वर्धापनदिनाला प्रॉफेट नव्या पुलपीटामागे उभे राहिले तेव्हा खालच्या चित्रातल्या गालांना तसेच खड्डे होते. प्रॉफेट हुशार माणूस. हे माझ्या उपासतापासाचे व्रण आहेत, असं त्यांनी भर सभेत सांगितलं आणि लोक रडले. आता शाखांमधून पुलपीटाची मागणी येते ती खड्ड्यांसकट. न्सियाचं छान चाललं आहे. तो दर रविवारी प्रॉफेटसाठी प्रार्थना करतो.

आमच्याकडचं पुलपीट मी घेतलं. बारिमाने प्रॉफेटचा चेहरा स्वतः हाताने घासून काढला, दुखऱ्या खांद्याने, आणि मध्ये एकदाही मशीनचं नाव काढलं नाही. तिवाने त्या जागी थिनरचा डबा काढला आणि डब्यावर पांढरं कबूतर. माझ्या थिनरला नावं ठेवल्याबद्दल तिने तोंडाने माफी मागितली नाही, पण त्या कबुतराला एकसुद्धा खड्डा नाही. त्यामागे उभी राहून मी आता माल विकते. पायऱ्या चढताना खरंच आपण कुणीतरी आहोत असं वाटतं. कॉम्प्रेसरवर तिवाने त्रोत्रोवर लिहितात तशा झोकदार अक्षरांत लिहिलं आहे: प्रार्थना लांबून करावी.

परवा एक सुतार आला. नवीन संसार, नवीन शेड. बायको एअरब्रशने केकवर फुलं काढते, हा कपाटं बनवतो, आणि एकच कॉम्प्रेसर घ्यायचा आहे, कुठला घेऊ, असं त्याने बारिमाला विचारलं. मी पुलपीटावरून कान टवकारले. बारिमाने मान ताठ केली, छाती भरून हवा घेतली, जुने शब्द ओठांपर्यंत आलेले मला इथून दिसले. मग त्याने ती हवा सोडून दिली.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "आत भाची आहे, तिला विचार."

आत एअरब्रशचा सूं आवाज थांबला. तिवाने डोकं बाहेर न काढताच हाक मारली.

"तुम्हीच सांगा की मामा. माहीत आहे तुम्हाला."

बारिमा उठला, आणि कोपऱ्यातला पांढरा कागद घेऊन त्या सुताराला मशीन दाखवायला आत गेला.